ईपीएस-९५: ‘साडेसात हजार होणार’ हे धरून पेन्शनचा हिशेब मांडावा का?

हजेरीपट (धागा सुरू करणारे)

ईपीएस-९५ म्हणजे पीएफसोबत चालणारी कर्मचारी पेन्शन योजना, १९९५. तिच्यातली किमान पेन्शन महिन्याला १,००० रुपयांवरून ७,५०० होणार आणि वर महागाई भत्ताही मिळणार, ही बातमी दर काही महिन्यांनी नव्याने फिरते. तिच्या भरवशावर लोक स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज भरत आहेत, म्हणून हा धागा.

हिशेबासाठी एक उदाहरण धरू. कामगार सप्टेंबर १९९६ मध्ये लागला आणि ऑगस्ट २०२६ अखेर बाहेर पडतोय. सेवा पूर्ण ३० वर्षं, वय ५४. बेसिक अधिक महागाई भत्ता १५,००० च्या बराच वर. कंपनीतला सर्वसाधारण समज असा की १५,००० गुणिले ३२ भागिले ७०, म्हणजे ६,८५७ रुपये ‘नक्की’ मिळतील. ३२ कशासाठी, तर दोन वर्षं बोनस. आणि सरकारने ७,५०० केले की तेवढे तरी कुठे गेले नाहीत.

माझे प्रश्न असे. ६,८५७ हा आकडा बरोबर आहे का? ‘किमान पेन्शनची हमी’ कायद्यात नेमकी कुठे लिहिली आहे आणि ती किती पक्की? ५४ व्या वर्षी लवकरची पेन्शन घ्यावी, ५८ पर्यंत थांबावं, की दुसरीकडे नोकरी धरावी? कृपया नियम आणि आकडे द्या, ‘होईल हो काहीतरी’ नको.

---

दशांश

६,८५७ चुकीचा आहे, आणि चूक दोन ठिकाणी आहे.

पहिली चूक मोठी. सूत्र पेन्शनपात्र वेतन (शेवटच्या ६० महिन्यांच्या बेसिक अधिक महागाई भत्त्याची सरासरी, मर्यादेपर्यंत) × पेन्शनपात्र सेवा ÷ ७० हेच आहे. पण २०१४ च्या दुरुस्तीने योजनेच्या परिच्छेद ११ ला जोड दिली आहे: १ सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेसाठी पेन्शनपात्र वेतन जास्तीत जास्त ६,५०० आणि त्यानंतरच्या सेवेसाठी जास्तीत जास्त १५,०००. सेवेचे दोन तुकडे पडतात आणि दोन्हींचा हिशेब वेगळा होतो. तुमच्या उदाहरणात:

२०१४ पूर्वीची १८ वर्षं: ६,५०० × १८ ÷ ७० = १,६७१
नंतरची १२ वर्षं: १५,००० × १२ ÷ ७० = २,५७१
एकूण ४,२४२ रुपये आणि काही पैसे, म्हणजे ४,२४३ धरा.

दुसरी चूक त्या बोनसची. दोन वर्षांची भर ५८ पूर्ण करून निवृत्त होणाऱ्या आणि किमान २० वर्षं सेवा झालेल्या सदस्याला मिळते. ५४ ला बाहेर पडणाऱ्याने ती धरूच नये.

त्यामुळे ६,८५७ च्या जागी ४,२४३, आणि तेही ५८ ला सुरू केली तर. महिन्याला अडीच हजारांहून जास्त फरक. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरण्यापूर्वी हा आकडा कागदावर स्वतः काढायला हवा. कंपनीच्या नोटीसबोर्डावर लागलेलं कोष्टक बहुतेक वेळा तुकडे न पाडता केलेलं असतं.

७,५०० या आकड्याचाही घोळ आहे. लोक दोन वेगळे ७,५०० एकत्र करतात. एक म्हणजे सूत्रातून निघणारी कमाल: १५,००० × ३५ ÷ ७०. (बोनस धरून ३७ वर्षं झाली तर ७,९२९.) दुसरा म्हणजे पेन्शनरांच्या आंदोलनाची किमान पेन्शनची मागणी. पहिला नियमात आहे, पण २०१४ पूर्वीची सेवा असलेल्या कोणालाही तो आज गाठता येत नाही. पूर्ण ३५ वर्षं १५,००० च्या दराने मोजली जाणारा पहिला सदस्य २०४९ च्या आसपास निवृत्त होईल. दुसरा ७,५०० फक्त मागणीत आहे.

---

परिच्छेद_बत्तीस

हमीच्या प्रश्नाबद्दल.

१,००० रुपये किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून लागू झाली. ती मूळ योजनेच्या सूत्राचा भाग नव्हती. ऑगस्ट २०१४ च्या अधिसूचनेने ती आली आणि त्या अधिसूचनेत ती फक्त २०१४-१५ या आर्थिक वर्षापुरती होती. मार्च २०१५ ला मुदत संपली, एप्रिलमध्ये किमान पेन्शनचा आधारच उरला नाही, आणि मग मंत्रिमंडळाने ती पुढे कायम ठेवायचा निर्णय घेतला. ‘हमी’ हा शब्द वाचताना हा क्रम लक्षात ठेवा. सूत्राने येणारी पेन्शन हा योजनेतला हक्क आहे. सूत्राची रक्कम आणि १,००० यांतला फरक मात्र सरकार अर्थसंकल्पातून भरतं.

महागाईशी जोडणी योजनेत कुठेही नाही. परिच्छेद ३२ मध्ये दरवर्षी निधीचं मूल्यांकन करायची तरतूद आहे आणि त्यानंतर केंद्र सरकार अंशदानाचा दर किंवा लाभाचं प्रमाण बदलू ‘शकतं’. ‘बदलेल’ असं तिथे लिहिलेलं नाही. आणि बदल म्हणजे वाढच, असंही नाही. २००८ मध्ये पेन्शनचं अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदली एकरकमी पैसे घेणं) आणि भांडवल परतीचा पर्याय (कमी पेन्शन घेऊन नंतर ठरावीक रक्कम परत मिळणं) याच योजनेतून काढून टाकले गेले, लवकरच्या पेन्शनची कपात वर्षाला ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाली. २०१४ मध्ये सरासरी वेतन १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांचं झालं. पगार चढता असेल तर ६० महिन्यांची सरासरी नेहमीच कमी येते. वाढीच्या बातम्या गाजतात, कपातीच्या अधिसूचना कोणी वाचत नाही.

वाढवायला सांगणारे नव्हते असं नाही. भगतसिंग कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्ये किमान ३,००० ची शिफारस केली होती. सरकारने केले १,०००. तेव्हापासून तो आकडा तिथेच आहे. नुसतं ५ टक्के महागाईचं गणित केलं तरी २०१४ चे १,००० टिकवायला अकरा वर्षांनी १,७१० लागतात.

माझं मत स्पष्ट आहे: मागणी न्याय्य आहे, पण निवृत्तीचा निर्णय मागणीवर घेऊ नये. राजपत्रात अधिसूचना येईपर्यंत ७,५०० च्या जागी शून्य धरा.

---

हजेरीपट

दोघांचे आभार. तुकडे पाडायचा नियम इथे फारच कमी लोकांना माहीत आहे.

आता तिसरा प्रश्न उरतो. ४,२४३ ही ५८ ची रक्कम. ५४ ला घेतली तर किती, आणि थांबण्यात फायदा किती? शिवाय बरेच जण बाहेर पडून ठेकेदाराकडे कमी पगारावर लागतात. तिथेही पीएफ कापला जातो. ‘चार वर्षं आणखी सेवा वाढेल, पेन्शनही वाढेल’ असं त्यांना सांगितलं जातं. हे खरं का?

---

दशांश

ठेकेदाराकडची नोकरी हा सापळा ठरू शकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सोपी तुलना. ५० ते ५८ दरम्यान नोकरी सोडलेल्या आणि १० वर्षं सेवा झालेल्या सदस्याला लवकरची पेन्शन मिळते. ५८ ला जितकी वर्षं कमी, तितके वेळा ४ टक्के कपात. ५४ ला १६ टक्के, म्हणजे ४,२४३ चे सुमारे ३,५६४. ५८ पर्यंत थांबलात तर ४८ महिन्यांचे मिळून साधारण १,७१,००० रुपये हातचे सोडता आणि पुढे महिन्याला ६७९ जास्त मिळतात. भरपाई व्हायला २५२ महिने, म्हणजे २१ वर्षं. वय ७९. पेन्शनला महागाईची जोड असती तर थांबणं शहाणपणाचं ठरलं असतं, पण ती नाही. ७० व्या वर्षीचे ६७९ आजच्या ६७९ पेक्षा बरेच हलके असतील. त्यामुळे दुसरं काहीच काम करायचं नसेल, तर फक्त पैशाच्या हिशेबाने लवकरची पेन्शन वाटते तितकी वाईट नाही. एकदा घेतली की कपात कायमची, हे मात्र समजून घ्या.

५८ नंतर ६० पर्यंत पेन्शन पुढे ढकलून वर्षाला ४ टक्के वाढ घेण्याची सोय २०१६ पासून आहे. तिचंही गणित असंच आहे. ५,००० ची पेन्शन दोन वर्षं ढकलली तर १,२०,००० सोडायचे आणि महिन्याला ४०० वाढवायचे. भरपाईला ३०० महिने, वय ८५. बहुतेकांनी या वाटेला जाऊ नये.

आता दुसरी नोकरी. तिथेही पेन्शनपात्र वेतन १५,००० राहिलं तर चित्र चांगलं आहे. ऑगस्ट २०३० पर्यंत नंतरची सेवा १६ वर्षं होते: १५,००० × १६ ÷ ७० = ३,४२९, अधिक जुने १,६७१, एकूण ५,१००. वर दोन वर्षांचा बोनस, तो कोणत्या तुकड्यात धरला जातो त्यानुसार १८६ ते ४२९. म्हणजे सव्वापाच ते साडेपाच हजार. कपात नाही.

पण ठेकेदार बेसिक ९,००० दाखवतो असं धरा. सरासरी शेवटच्या ६० महिन्यांची आहे. त्यातले ४८ महिने ९,००० चे आणि १२ महिने १५,००० चे. सरासरी १०,२००. आणि ही सरासरी फक्त शेवटच्या चार वर्षांना लागत नाही, २०१४ नंतरच्या सगळ्या १६ वर्षांना लागते:

१०,२०० × १६ ÷ ७० = २,३३१, अधिक १,६७१ = ४,००२ ते ४,००३.

चार वर्षं जास्त अंशदान भरून बोनसआधीची पेन्शन ४,२४३ वरून खाली आली. बोनस धरला तर जेमतेम आहे तिथेच येते. बेसिक ९,००० पेक्षाही कमी असेल, तर स्पष्ट तोटा. पुढे पत्नीची पेन्शनही याच रकमेवरून ठरणार, म्हणजे तोटा दोन माणसांचा.

यातून वाट आहे. परिच्छेद ६-अ प्रमाणे पेन्शन सुरू झाली की पेन्शन योजनेचं सदस्यत्व संपतं. लवकरची पेन्शन घेऊन मग ठेकेदाराकडे लागलात, तर मालकाच्या वाट्यातून पेन्शनकडे काही जाऊ नये, सगळा वाटा पीएफमध्ये पडावा. म्हणजे पेन्शनही चालू आणि पीएफही पूर्ण. यासाठी नव्या मालकाला रुजू होतानाच्या घोषणापत्रात (जुना फॉर्म ११) आपण पेन्शनर आहोत हे लेखी द्यावं लागतं. न दिल्यास संगणक पुन्हा पेन्शन अंशदान कापतो आणि ते निस्तरायला महिने जातात.

---

एकत्र_घोषणा

वरचा सगळा हिशेब ‘सेवा ३० वर्षं’ हे गृहीत धरून आहे. पीएफ कार्यालयाच्या नोंदीत ती ३० आहे का, हे कोणी पाहत नाही. पेन्शनचे बहुतेक वाद इथेच होतात, सूत्रावर नाही. अर्जाच्या किमान वर्षभर आधी पुढचं पाहा.

पीएफ पासबुकातला पेन्शनचा रकाना महिन्यागणिक वाचा. पगार मर्यादेच्या वर असेल तर मे २००१ पर्यंत ४१७, जून २००१ पासून ५४१ आणि सप्टेंबर २०१४ पासून १,२५० दिसायला हवेत. (मर्यादा अनुक्रमे ५,०००, ६,५०० आणि १५,०००, त्यांचे ८.३३ टक्के.) मर्यादेच्या वरच्या पगारावर १,२५० पेक्षा कमी रक्कम दिसली तर त्या महिन्यात बिनपगारी दिवस लागले आहेत किंवा मालकाने वेतन कमी दाखवलं आहे. बिनपगारी दिवस ‘अंशदानाविना दिवस’ म्हणून साठत जातात आणि शेवटी सेवेतून वजा होतात. संप, टाळेबंदी, लांबलेलं आजारपण, सगळं त्यात येतं. सहा महिने किंवा जास्त भरले तर पूर्ण वर्ष धरतात, कमी असेल तर सोडून देतात, त्यामुळे पाच-दहा दिवसांवरूनही एक वर्ष जाऊ शकतं. २०१४ नंतरच्या दराने एक वर्ष म्हणजे महिन्याला २१४ रुपये, जन्मभर.

नोकरी बदललेल्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, जुन्या कंपनीची सोडल्याची तारीख भरलेली आहे का, आणि ती नव्या कंपनीच्या रुजू तारखेच्या आधीची आहे का. तारखा एकमेकांवर चढल्या की दावा अडकू शकतो. दुसरी, पीएफ ट्रान्सफर केल्यावर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात जुनी रक्कम येत नाही. ही चूक नाही. पेन्शनच्या बाबतीत सेवा ट्रान्सफर होते, पैसे नाही. कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर सेवेचा तपशील ‘अ‍ॅनेक्शर के’ (ट्रान्सफरसोबत जाणारं तपशीलपत्रक) मध्ये गेला का हे लेखी मागा. तिसरी आणि सर्वांत महागात पडणारी: २०१४ नंतर नोकरी बदलताना घोषणापत्रात ‘पूर्वी पेन्शन योजनेचे सदस्य होतात का’ याला चुकून ‘नाही’ दिलं असेल, तर १५,००० वरच्या पगारावर तुम्ही नवीन माणूस ठरता आणि पेन्शनचा रकाना तिथून पुढे शून्य असतो. कारण १ सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० च्या वर पगारावर पहिल्यांदा लागणारा या योजनेत येतच नाही.

उलटी चूकही होते. जो पात्रच नाही त्याचे १,२५० दरमहा कापले जातात, दहा वर्षांनी तो पेन्शन मागतो आणि त्याला सांगतात की सदस्यत्वच चुकीचं होतं. पैसे पीएफ खात्यात वळवून मिळतात, पेन्शन मात्र नाही. पहिल्याच वर्षी पासबुक पाहिलं तर हे महिन्याभरात सुधारता येतं.

नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव, रुजू आणि सोडल्याची तारीख, यांतलं काहीही आधारशी किंवा कंपनीच्या नोंदींशी जुळत नसेल तर जुन्या सदस्यांना बहुधा मालकासह एकत्र घोषणापत्र द्यावं लागतं. कारखाना बंद पडला की सही करायला माणूस उरत नाही. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हातात येण्याआधी हे काम उरका. नंतर मनुष्यबळ विभागात तुमचा फोन कोणी उचलेलच असं नाही.

आणि कुटुंबाचा तपशील. पती किंवा पत्नी, २५ वर्षांखालची मुलं, आणि अपंग मूल असल्यास ते वयाची अट न धरता, सगळ्यांची नोंद फॉर्म १०डी (पेन्शनचा अर्ज) भरताना हवी. राहिलेलं नाव नंतर घालणं फार त्रासाचं होतं.

---

मागची_ओळ

सगळे फक्त परतावा मोजत आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

ही बचत योजना नाही, विमा आहे. तुमच्या नावाचं वेगळं पेन्शन खातं नसतं, सगळे पैसे एका निधीत जातात. तिशीतला कामगार तीन वर्षं सेवा करून गेला तर त्याच्या नावाने जेमतेम ४५,००० गेलेले असतात. त्याच्या पत्नीला पुनर्विवाह होईपर्यंत किंवा आयुष्यभर दरमहा किमान १,०००, आणि दोन मुलांना वयाच्या २५ पर्यंत प्रत्येकी विधवा पेन्शनच्या २५ टक्के, किमान २५०. आई-वडील दोघेही गेले तर मुलांना प्रत्येकी ७५ टक्के, किमान ७५०. त्यासाठी एक महिन्याचं अंशदानही पुरतं. कायमचं अपंगत्व आलं तर दहा वर्षांची अट नाही. असं संरक्षण ठेकेदारी कामगाराला बाजारातली कोणती विमा कंपनी वैद्यकीय तपासणीशिवाय देईल?

या योजनेला सरसकट फसवणूक म्हणणाऱ्यांमुळे तरुण कामगार ‘पीएफ कापू नका, हातात द्या’ म्हणतात. मालकाला तेच हवं असतं.

---

परिच्छेद_बत्तीस

विम्याचा मुद्दा मान्य. सुरुवातीच्या काळात मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांसाठी ही योजना मोलाची आहे, आणि ‘पीएफ नको’ म्हणणं चूक आहे, यात वाद नाही.

पण म्हणूनच सरकारचा वाटा तपासायला हवा. मालकाच्या वाट्यातून ८.३३ टक्के जातात. केंद्र सरकार वेतनमर्यादेपर्यंत १.१६ टक्के घालतं, म्हणजे १५,००० वर १७४ रुपये. सामाजिक विमा म्हणायचं आणि जोखीम सगळी सदस्यांनी आपसांत वाटून घ्यायची, अशी ही रचना आहे.

मधेच सोडणाऱ्याला काय मिळतं तेही पाहा. दहा वर्षांच्या आत बाहेर पडून फॉर्म १०सी ने पैसे काढले तर ‘तक्ता डी’ (सेवेनुसार वेतनाला लावायचे गुणक) लागतो. नऊ वर्षांचा गुणक ९.३३. १५,००० वर १,३९,९५० रुपये. नऊ वर्षांत मालकाच्या वाट्यातून गेलेले १,२५० × १०८ = १,३५,०००. नऊ वर्षांचं ‘व्याज’ ४,९५० रुपये, आणि सरकारचे १७४ × १०८ = १८,७९२ धरले तर मुद्दलही परत येत नाही. सहा महिन्यांपेक्षा कमी सेवेला तर जून २०२४ पर्यंत काहीच मिळत नव्हतं. ठेकेदारी आणि हंगामी कामगार सर्वाधिक याच गटात असतात. म्हणजे निधीला आधार देतो तो वारंवार नोकरी बदलणारा गरीब कामगार. म्हणून दहा वर्षं व्हायच्या आत पैसे काढू नका, स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या सेवेचा दाखला) घ्या किंवा सेवा जोडत न्या. साडेनऊ वर्षं झाली की ती दहा धरली जातात.

लाडकी बहीण योजनेशी तुलना इथे कोणीतरी करणारच, म्हणून आधीच लिहितो. जुलै २०२४ पासून महिन्याला १,५०० रुपये, अंशदान नाही. तीस वर्षं अंशदान भरून १,००० घेणाऱ्या पेन्शनरला हे टोचतं, आणि टोचणं योग्य आहे. पण त्या बहिणीचे पैसे कमी व्हावेत असा याचा अर्थ नाही. ती रक्कम शासन निर्णयावर उभी आहे, निवडणुकीत २,१०० चं आश्वासन दिलं गेलं होतं, आणि शासन निर्णय बदलायला विधिमंडळही लागत नाही. दोन्हीकडे दुखणं एकच: रक्कम महागाईशी बांधलेली नाही, त्यामुळे ती वाढवणं हे दर वेळी कोणाच्या तरी मर्जीवर राहतं.

---

दशांश

७,५०० चा खर्च किती, याचा कच्चा अंदाज कोणालाही काढता येतो. पेन्शनर ७० लाखांहून जास्त आहेत. प्रत्येकाला सरासरी ६,००० ची भर लागेल असं गृहीत धरा: ६,००० × १२ × ७० लाख = ५०,४०० कोटी वर्षाला. सरासरी भर ५,००० धरली तरी ४२,००० कोटी. एवढी तरतूद अर्थसंकल्पात शोधा. सापडली तर बातमी खरी. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ‘मंजूर झाले’ या संदेशाची खरी-खोटी ठरवायला मला हा सगळ्यात सोपा मार्ग वाटतो.

किमान २,००० किंवा ३,००० ही मात्र परवडणारी पायरी आहे. दर लाख पेन्शनरांमागे १,००० ची वाढ म्हणजे वर्षाला १२० कोटी. आकड्यात भांडायचं असेल तर ही मागणी लावून धरण्यासारखी आहे.

---

हजेरीपट

ठेकेदाराचा मुद्दा आज पाच जणांना दाखवला, कोणालाच माहीत नव्हतं.

शेवटचे दोन प्रश्न. काही जुन्या पेन्शनरांना १,००० पेक्षाही कमी येतात, ते कसं? आणि वाढीव पगारावरच्या पेन्शनचा (१५,००० च्या मर्यादेऐवजी प्रत्यक्ष पगारावर मोजलेल्या, फरक भरून मिळणाऱ्या पेन्शनचा) अर्ज ज्यांनी केला होता त्यांना आता मागणीपत्रं येत आहेत, त्यांनी पैसे भरावेत का?

---

एकत्र_घोषणा

१,००० पेक्षा कमी येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सप्टेंबर २००८ पूर्वी घेतलेलं अंशराशीकरण किंवा भांडवल परतीचा पर्याय. किमान रक्कम त्या कपातीच्या आधीच्या पेन्शनला लागते, म्हणून हातात कमी येतात. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली आहे. २५ सप्टेंबर २००८ पर्यंत अंशराशीकरण घेतलेल्यांची पूर्ण पेन्शन १५ वर्षांनी पुन्हा सुरू करण्याची अधिसूचना फेब्रुवारी २०२० मध्ये निघाली. अंशराशीकरणाची तारीख पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) असते. तिच्यात १५ मिळवा आणि त्या महिन्यापासून बँकेत जमा वाढली का ते पाहा. वाढली नसेल तर पीपीओची प्रत जोडून प्रादेशिक कार्यालयाला लेखी अर्ज द्या आणि थकबाकीही मागा. भांडवल परतीवाल्यांना हे लागू नाही.

वाढीव पेन्शनबद्दल: सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२२ चा. त्याने २०१४ च्या दुरुस्त्या मोठ्या अंशी कायम ठेवल्या, १५,००० वरच्या वेतनावर सदस्याने स्वतः १.१६ टक्के भरायची अट मात्र रद्द केली. त्यानंतर मे २०२३ च्या अधिसूचनेने ते १.१६ टक्के मालकाच्या १२ टक्क्यांतूनच घेतले जाऊ लागले. अर्जाची मुदत ११ जुलै २०२३ ला संपली, नव्याने कोणाला येता येत नाही. दलालाने ‘अजून होतं’ म्हटलं तर पैसे देऊ नका.

मागणीपत्र आलेल्यांनी आधी त्यातला वेतनाचा तक्ता पासबुकाशी पडताळावा. मालकाने भरलेल्या वेतनात एका वर्षाची चूक असेल तर व्याजासकट रक्कम खूप फुगते. मग एकच भागाकार: भरायची रक्कम ÷ महिन्याची वाढ. समजा १८ लाख भरायचे आहेत आणि पेन्शन २०,००० ने वाढते आहे, तर ९० महिने. साडेसात वर्षांत परतफेड, आणि सदस्यानंतर जोडीदाराला निम्मी. माझ्या मते दहा वर्षांच्या आत भरून निघत असेल आणि तब्येत बरी असेल तर घ्यावं. पंधराच्या पुढे जात असेल तर ती रक्कम पीएफमध्ये किंवा बँकेत असलेली बरी, कारण पेन्शनमध्ये गेलेलं मुद्दल परत येत नाही आणि वारसांना भांडवल मिळत नाही. इथेही तुकड्यांचा हिशेब लागतो, हे विसरून शेवटच्या पगारावर सरसकट गुणाकार करणारे बरेच जण नंतर निराश होतात.

---

परिच्छेद_बत्तीस

तक्रारीबद्दल थोडं, कारण वर कोणीच लिहिलं नाही. परिच्छेद १७-अ प्रमाणे पूर्ण दावा मुदतीत निकाली निघाला नाही, आणि उशिराला सबळ कारण नसेल, तर दरसाल १२ टक्के दंडव्याज लागतं आणि ते पीएफ आयुक्तांच्या पगारातून कापायची तरतूद आहे. मात्र अट ‘सर्व बाबतींत पूर्ण’ दाव्याची आहे. म्हणून दर वेळी एकेक त्रुटी काढून दावा परत केला जातो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. यावर उपाय म्हणजे दावा परत आला की दुरुस्ती करण्याआधी लेखी विचारा: यात एकूण किती त्रुटी आहेत, सगळ्या एकाच पत्रात कळवा. पत्राची पोच ठेवा. ऑनलाइन तक्रारीचा क्रमांक त्याच पत्रात लिहा. तक्रार ‘निकाली’ दाखवून बंद केली आणि प्रश्न तसाच असेल, तर माहितीच्या अधिकारात दाव्याची फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस होती हे मागता येतं. आणि पीएफ सदस्य हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच मान्य केलं आहे, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा आहे. तिथे वकील लागत नाही. लागतात ती त्रुटीपत्रं, पोचपावत्या आणि तारखांचा तक्ता. दावा पहिल्यांदा दाखल केल्याची पोच हरवली असेल तर व्याजाची मागणी तिथेच लुळी पडते.